कालचाच कॉल

८ जानेवारी २०२५, बुधवार

मुलाने, पुष्करने, लिहायला डायरी आणून दिली, ती गेल्या वर्षीची. कोरीच आहे, वाया कशाला घालवायची, म्हणे. म्हणजे आता रोज छापलेला वार खोडून खरा वार लिहायचा. सगळी नोकरी पीएमटीच्या बस डेपोत टाइमकीपर म्हणून केलेल्या माणसाला ही शिक्षा बरी आहे.

झालं ते थोडक्यात. काल त्याच्याकडे हडपसरला गेलो होतो. त्याच्या सोसायटीचं पार्किंग नुकतंच धुतलं होतं. पाय सरकला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. त्यामुळे कोथरूडचा माणूस हडपसरच्या हॉस्पिटलात. उद्या ऑपरेशन. बायको, उल्का, कोथरूडला घरीच आहे. तिचे गुडघे धड नाहीत, आणि पुष्करकडे राहायला ये म्हटलं तर घर सोडायला तयार नाही. इंदुबाई दोन्ही वेळा कामाला येतात, त्यांना संध्याकाळी जरा जास्त थांबायला सांगितलंय.

या खोलीला इथे 'स्मार्ट रूम' म्हणतात. पलंगाला कळतं की माणूस उठून बसला. मनगटावरच्या पट्ट्याला नाडी कळते. दिवे बोलून लागतात. मी सभ्यपणे "कृपया दिवा मालवा" म्हणालो तर ढिम्म. पुष्कर "लाइट ऑफ" असं खेकसला, तर लगेच अंधार. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर ठळक अक्षरांत: आज बुधवार, ८ जानेवारी. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. तुमच्या सिस्टर: अक्षता. आजचं काम: विश्रांती.

"मी काय बालवाडीत आहे, वार सांगायला?" मी सिस्टरांना विचारलं.

"सगळ्यांनाच सांगतो, काका," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पस्तिशीच्या असतील. वाघोलीहून येतात. मला आजोबा न म्हणता काका म्हणाल्या, एवढ्यावर माफ केलं.

१० जानेवारी, शुक्रवार

काल ऑपरेशन झालं. रात्री झोप उत्तम लागली. भूल दिलेली लोकं बरळतात वगैरे ऐकून होतो, तसलं काही झालं नाही.

सकाळी पाहिलं तर पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर केलेले आणि माझ्या डाव्या हातावर नवीन पट्टी. सलाइनची सुई निघाली होती म्हणे. सुया नीट लावत नाहीत ही माणसं. अक्षता सिस्टरांचा आवाज बसला होता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, असं सांगितलं. घरी जाता जाता त्यांनी विचारलं, "काय काका, शिवाजीनगरची गाडी सुटली ना वेळेवर?" बसने जात असतील बिचाऱ्या. मी त्यांना समजावून सांगितलं की हडपसरहून वाघोलीला जायला शिवाजीनगर वाटेत येत नाही. त्या हो म्हणाल्या.

१२ जानेवारी, रविवार

पलंगाशी युद्ध.

बाथरूम चार पावलांवर आहे. दर वेळी कोणाला तरी बोलवायचं, याची मला लाज वाटते. म्हणून दुपारी सगळं शांत झाल्यावर हळूच एका कुशीवर झालो आणि इंचाइंचाने कडेला सरकू लागलो. पाय खाली सोडायचा अवकाश, छतातून बाईचा आवाज आला: "अनंतराव, थोडं थांबा. सिस्टर येत आहेत." आणि आल्याच की. हातात जेवणाचा डबा तसाच.

"मी हाक मारली नव्हती," मी म्हणालो.

"माहितीये. तुम्ही मारणारच नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याकडची माणसं बेल दाबत नाहीत, काका. सिस्टरना कशाला त्रास द्यायचा म्हणून एकटी उठतात आणि पडतात. मग त्रास कोणाला होतो? म्हणून हा पलंग चांगला. त्याला भीड नाही."

मी म्हटलं, आता बाथरूमला न्या, मग तुमचं जेवण उरका.

एक मात्र कबूल करायला हवं. नाडी, ताप, ऑक्सिजन सगळं पट्टा आपला आपण लिहून पाठवतो. त्यामुळे मला पहाटे कोणी उठवत नाही, आणि सिस्टरांची निम्मी पाळी जी लिहिण्यात जायची, ती आता माणसांजवळ बसण्यात जाते. आज त्या दहा मिनिटं नुसत्या बसल्या होत्या. उल्काबद्दल विचारत होत्या. मी म्हणालो, घर तिच्या मुठीत आहे, मी नसलो तरी काही अडत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज पडद्याचा खरा उपयोग कळला. घरच्यांच्या फोनवर एक दुवा पाठवतात, तो दाबला की समोरच्या भिंतीवर घरचं माणूस. इंदुबाईंनी फोन जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला आणि उल्का अख्ख्या भिंतीवर आली. काळी चंद्रकळा, हातात तिळगुळाची ताटली. फार छान दिसत होती. तसं तिला सांगितलं नाही.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली. "तुम्हाला मेलं हे दर वर्षी दोनदा सांगावं लागतं."

मी म्हणालो, "गोड बोललो तर शुगर वाढते. डॉक्टरांनी मनाई केलीय." ती खूप हसली. मागून इंदुबाई म्हणाल्या, "काका, बाईंचं जरा..." मी म्हटलं, गुडघ्याचं ना? तेल आहे कपाटात, लावून द्या.

शुगर वाढलेली आहे हे खरंच. जखम त्यामुळे हवी तशी भरत नाही. आणखी काही दिवस मुक्काम.

१६ जानेवारी, गुरुवार

ही व्यवस्था वाटली तितकी शहाणी नाही. काल फोन लागला तेव्हा उल्का काळ्या साडीतच होती. हातात तीच ताटली, "तिळगूळ घ्या, गोड बोला, तुम्हाला मेलं हे दर वर्षी दोनदा सांगावं लागतं," हेही तेच. मला वाटलं, गंमत करतेय. मीही शुगरचा विनोद पुन्हा केला आणि ती तशीच हसली. आज तिसऱ्यांदा तेच. शब्द न् शब्द.

म्हणजे हे यंत्र परवाचाच कॉल पुन्हा पुन्हा दाखवतंय. मी गाड्यांच्या वेळा पाहिलेला माणूस आहे. कालची गाडी आजची म्हणून कोणी खपवू लागला तर मला कळतं. पडद्यावर तक्रारीचं बटण आहे, ते दाबून तक्रार केली: 'कालचाच कॉल दाखवतात.'

१७ जानेवारी, शुक्रवार

तक्रार पाहायला समाधान नावाचे इंजिनीअर आले. सगळं उघडून पाहिलं. म्हणाले, "काका, या सिस्टीममध्ये कॉल रेकॉर्ड करायची सोयच नाहीये. पेशंटची प्रायव्हसी असते ना. जे दिसतं ते लाइव्हच असतं."

"सोय नसताना होतंय म्हणजे बिघाड जास्त गंभीर आहे," मी म्हणालो.

ते अक्षता सिस्टरांकडे पाहू लागले. ते गेल्यावर सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. काकू घरी एकट्याच असतात का? औषधं स्वतःची स्वतः घेतात का? फोनवर तुमचं नाव घेतात का? मला राग आला. म्हणालो, तक्रार यंत्राची आहे, बायकोची नाही. त्या उठल्या, माझी उशी सारखी केली आणि बाहेर गेल्या. फार चौकस बाई. पण वाईट नाहीत.

संध्याकाळी पुष्कर आला होता. त्यालाही यंत्राचं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही आधी बरे व्हा. मग बोलू." यंत्राबद्दल बोलायला मी बरं व्हायची काय गरज आहे?

१८ जानेवारी, शनिवार

घाईने लिहितोय. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

संध्याकाळी कॉल आला. काळी साडी, ताटली. मी मनात म्हणालो, दाखवा पुन्हा. फक्त आज इंदुबाई दिसत नव्हत्या. फोन लावून देऊन औषधाच्या दुकानात गेल्या होत्या, हे नंतर कळलं. उल्का म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि मग, जे परवा म्हणाली नव्हती ते म्हणाली: "अहो, किती उशीर? डेपोतून निघालात का?"

मला निवृत्त होऊन पंधरा वर्षं होतील.

तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार दिसतं. दारातून धूर येत होता. आधी पांढरा, मग काळपट. मी ओरडलो, "उल्का, गॅस!" ती माझ्याकडे बघून हसली. "हो हो, दूध ठेवलंय तुमच्या चहाला." मी पुन्हा ओरडलो. तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिला वाटलं मी चिडलोय. ती जागची हलेना.

मग मला काही सुचलं नाही. पायाचं भान राहिलं नाही. कठडा ढकलला आणि उठलो. कुठे जाणार होतो? हडपसरहून कोथरूडला, मोडक्या खुब्याने. छतातला आवाज काहीतरी म्हणाला. माझा पाय जमिनीला टेकायच्या आत दोन हातांनी मला धरलं होतं. अक्षता सिस्टर. त्यांनी पडद्याकडे एकदाच पाहिलं. मला काही विचारलं नाही. मला पलंगावर बसवून माझ्या खांद्याभोवती हात तसाच ठेवला आणि पडद्याकडे बघून, आपण शेजारणीशी बोलतो तशा आवाजात म्हणाल्या:

"काकू, मी अक्षता. काकांजवळ आहे मी. काका अगदी छान आहेत. ताटली खाली ठेवता का?"

उल्काने ठेवली.

"आता उभ्या राहा. टेबलाला धरून. हां. आता मागे वळा आणि ओट्याजवळ जा. चहाचा गॅस बंद करा, मग या, आपण बोलू."

उल्का दारातून आत गेली, दिसेनाशी झाली. सिस्टर मोठ्याने म्हणत राहिल्या, "बटण बंद केलं का, काकू? सांगा मला." फार वेळ गेला. मग आतून आवाज आला, "केलं गं बाई! पातेलं पार जळलं की." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्यात इंदुबाई आल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या, उल्काला खुर्चीत बसवलं आणि फोनजवळ येऊन म्हणाल्या, "काका, मी कवापासून सांगायला बघतीया. तुमी ऐकूनच घेत न्हाई. बाई रोज सकाळी इचारत्यात, आज संक्रांत हाय ना."

यंत्रात बिघाड नव्हता. रोज नवाच कॉल येत होता. हे मी इथे लिहून ठेवतोय, कारण उद्या मला वेगळं काही वाटू लागेल आणि मी ते खरं मानीन.

१९ जानेवारी, रविवार

पुष्करला दिवाळीपासून माहीत होतं. "निदान शंका होती," म्हणाला. आईने नरक चतुर्दशीच्या दिवशी त्याला दोनदा ओवाळलं होतं. मी तिथेच होतो. मी म्हणालो होतो, उल्का मुलाचं फार कौतुक करते.

तो म्हणाला, "कोथरूडचं घर बंद करू. तुम्ही दोघं आमच्याकडे या. नाहीतर आईसाठी चांगली केंद्रं असतात, बाबा. चोवीस तास माणसं असतात."

मी त्याच्यावर ओरडलो. मग ओरडणं थांबवलं, कारण पट्ट्याने माझी नाडी सिस्टरांना कळवली आणि त्या दारात आल्या. या खोलीत खासगी भांडणही करता येत नाही. सिस्टरांसमोरच मी पुष्करला म्हणालो, "आधी तिला डॉक्टरांना दाखव. या आठवड्यातच. मी इथून चालत बाहेर पडणार. जिना चढून माझ्या घरी जाणार. मग आपण ठरवू. मी पलंगावर असताना माझ्या बायकोचं काही ठरवायचं नाही."

त्याने मान हलवली. आज रात्रीपासून तो कोथरूडला झोपायला जाणार आहे. चांगला मुलगा आहे. हेही त्याला सांगितलं नाही. उद्या सांगीन.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी वॉकर घेऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. संध्याकाळी पुन्हा. पडद्यावर 'आजचं काम: चालणे' असं होतं. मी सिस्टरांना त्यात 'जिना' घालायला लावलं. दुखतं. दुखू दे. शुगर उतरतेय, कारण जेवणात जे देतात तेच खातो आणि पुष्करने लपवून आणलेली चकली परत पाठवली. पलंगाशी तह केलाय. उठायच्या आधी मीच बेल दाबतो.

चालताना सिस्टरांना विचारलं, "तो वार कशाला लिहिता हो पडद्यावर? खरं सांगा."

त्यांनी आधी माझा वॉकर सरळ केला. मग म्हणाल्या, "मोठ्या ऑपरेशननंतर वय झालेली माणसं गोंधळतात, काका. जाग येते आणि आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मग घाबरतात, सुया उपटतात, उठून पळायला बघतात. समोर वार दिसला, जागा दिसली, आपल्या माणसाचं नाव दिसलं की जरा शांत होतात. तुम्हीसुद्धा."

"मी?"

"पहिल्या रात्री. शिवाजीनगरची गाडी सोडायला सांगत होता सारखी. सुई तुम्हीच काढलीत. मी पडद्यावरचं तुम्हाला वाचून दाखवत होते पहाटेपर्यंत. आज शुक्रवार, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, मी अक्षता. शेवटी तुम्हीच वाचायला लागलात माझ्याबरोबर, आणि झोपलात."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्यांचा बसलेला आवाज मला आठवला, आणि मी सांगितलेल्या गुळण्याही. म्हणालो, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"कशाला? गाडी सुटली होती ना," त्या म्हणाल्या.

म्हणजे उल्का आता जिथे आहे, तिथे मी एक रात्र राहून आलोय. मला परत आणायला एक बाई घसा बसेपर्यंत बोलत राहिली. मग मला उल्कासाठी तेवढं जमलं पाहिजे. रात्रभर नाही, तर उरलेली सगळी वर्षं. जमवीन.

२३ जानेवारी, गुरुवार

जिना चढलो. उतरलो. घामाने भिजलो. व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पुरे. मी म्हणालो, आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही आणि मला घरी जायचंय, पुन्हा चढू द्या.

उल्काला डॉक्टरांनी पाहिलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. औषधाने वेग कमी होईल, उलटं फिरणार नाही. पुष्करने हे मला सरळ शब्दांत सांगितलं. बरं केलं. मग मीही त्याला ते रविवारचं राहिलेलं वाक्य सांगून टाकलं. तो गडबडला आणि पाणी आणायला गेला.

अट अशी ठरली: कोथरूडच्याच घरी, पण गॅसला आपोआप बंद होणारं बटण, दाराला घंटी, आणि इंदुबाई दिवसभर. सहा महिन्यांनी पुन्हा विचार. इंदुबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हाईन की. फकस्त तुमी मधी मधी बोलू नका."

२५ जानेवारी, शनिवार

घरी.

निघताना पडद्यावर लिहिलं होतं: आजचं काम: घरी जाणे. अक्षता सिस्टर लिफ्टपर्यंत आल्या. मी हात जोडले. बोलायला बरंच ठरवलं होतं. एवढंच म्हणालो, "तुमच्या पलंगाला माझा नमस्कार सांगा."

मजला एकच, पण दोनदा थांबलो. उल्का दारात उभी होती. काळ्या साडीत. "आलात? जेवायचे आहात ना?" जणू ड्युटी संपवून आलोय. वॉकरकडे पाहून म्हणाली, "हे काय नवीन?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पूर्वी मी म्हणालो असतो, एकदा सांगितलं ना. आज नाही म्हणालो.

डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायला फळा असायचा. तसला एक पुष्करकडून आणवला आणि स्वयंपाकघरासमोर ठोकून घेतला. खडूने, माझ्या डेपोतल्या अक्षरात लिहिलं: आज शनिवार, २५ जानेवारी. हे आपलं घर. अनंत घरी आहे. चहा इंदुबाई करतील.

उल्काने चष्मा लावून सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय बालवाडीत आहे, वार सांगायला?"

"सगळ्यांनाच सांगतो," मी म्हणालो.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी उशिरा उठलो, पाय ठणकत होता. बाहेर आलो तर उल्का फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. टीव्हीवर संचलन चाललेलं.

"अहो, झेंडावंदन झालं तरी तुमच्या फळ्यावर पंचवीस तारीख. टाइमकीपर म्हणे!"

इतका आनंद मला कोणी चूक काढल्यावर कधी झाला नव्हता. इंदुबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी वॉकर घेऊन गेलो, फळा पुसला, रविवार लिहिला, सव्वीस लिहिलं. 'अनंत घरी आहे' ही ओळ तेवढी तशीच ठेवली. ती पुसायचं कारण नाही.

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. हातात ताटली. "तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्हाला मेलं हे दर वर्षी दोनदा सांगावं लागतं."

डॉक्टरांनी अर्धा दाणा चालेल म्हटलंय. मी तो घेतला. म्हणालो, "गोड बोललो तर शुगर वाढते." ती हसली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. मीही हसलो.

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायची पद्धत आहे. आमच्याकडे यंदा जरा जास्त दिवस चालेल.